पॉवर सप्लायच्या केबलला स्लीव्ह घालताना

रंगीत विणीच्या स्लीव्हमधल्या केबल दिसायला छान, हे खरं. पण त्यामुळे कॉम्प्युटर थंड राहतो, हा निव्वळ गैरसमज आहे. घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तिथे कॅबिनेटमधली धूळ झटकली तर जास्त फायदा. स्लीव्ह ही हौस आहे, आणि हौस म्हणूनच करावी.

पिन अडकते कशी

मदरबोर्डच्या २४ पिनी कनेक्टरमधली प्रत्येक पिन म्हणजे पत्र्याची छोटी नळी. तिच्या दोन बाजूंना पत्र्याचेच दोन बारीक काटे बाहेर आलेले असतात. पिन आत सरकली की काटे प्लास्टिकच्या कडेमागे उघडतात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. मग वायर कितीही ओढा, काटे आणखी घट्ट रुततात. जोर केला तर वायरच पिनेतून निसटते.

काढायची रीत

म्हणून आधी उलटं करायचं: वायर आत ढकलायची. काटे कडेपासून सुटे होतात. मग कनेक्टरच्या तोंडाकडून पिन काढायचं दुपाती अवजार नळीच्या दोन्ही बाजूंनी घालायचं, दोन्ही काटे एकाच वेळी दाबायचे आणि वायर हलक्या हाताने मागे घ्यायची. अवजार नसेल तर मोठ्या स्टेपलरची पिनही चालते, पण ती लवकर वाकते. मोटारसायकलचं वायरिंग करणारे मिस्त्री कपलरच्या पिना जवळपास अशाच काढतात; हात बसेपर्यंत त्यांच्याजवळ बसून पाहावं.

पिन परत बसवण्याआधी दबलेले काटे ब्लेडच्या टोकाने किंचित बाहेर काढा. नाहीतर ती जागेवर थांबणार नाही.

साटाच्या कनेक्टरचं मात्र वेगळं आहे. तिथे वायर पात्यांवर दाबून बसवलेली असते, काढायला पिनच नसते. ते सोडून दिलेलं बरं.

कोणती वायर कुठली

सुरुवातीलाच फोटो काढा. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. हिरवी चालू करायची. १३ व्या घरात बहुधा दोन वायरी एकाच पिनेत असतात आणि नव्या सप्लायमध्ये २० वे घर रिकामं असतं. इथेच लोक गोंधळतात. सगळ्या केबल काळ्या असतील तर प्रत्येकीला आकड्याची चिकटपट्टी लावा. मॉड्युलर केबलच्या सप्लायकडच्या टोकाची रचना कंपनीगणिक बदलते, कधी मॉडेलगणिकही. दुसऱ्याची आकृती तिथे उपयोगाची नाही.

स्लीव्ह

पॅराकॉर्ड घेतला तर आतले दोरे आधी ओढून काढायचे. पीईटीची जाळी टोकाला उसवते, म्हणून कापलेली कड लायटरने जरा वितळवायची. दोन्ही टोकांना हीटश्रिंक. ते इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं.

डब्याला हात नाही

केबल सप्लायमध्येच पक्क्या जोडलेल्या असतील तर काम कनेक्टरकडूनच करा, डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट टिकून राहू शकतात.

तपासणी

प्रत्येक वायर ओढून पाहा. मग मदरबोर्ड न जोडता, सप्लाय बंद असताना हिरवी आणि काळी क्लिपने जोडून सप्लाय चालू करा आणि मल्टिमीटर लावा. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. एखादा आकडा भलत्याच घरात दिसला, तर बटण बंद करून फोटो पुन्हा उघडा.