पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पोषण : साकोली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : पूर्व विदर्भाच्या इतर भागांप्रमाणे भंडारा जिल्ह्यातही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विकारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होऊन बिलिरुबिन वाढते व तरुण वयातही पित्तखडे होतात. म्हणून साकोली परिसरात पित्ताशय काढल्यानंतरच्या पोषणाचा विचार आवश्यक ठरतो.

विवेचन : डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. या पद्धतीनंतर बहुतेक रुग्ण २४ तासांच्या आत तोंडाने हलका आहार घेऊ शकतात. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय केवळ त्याचा साठा करते. त्यामुळे पचन थांबत नाही. पेज, मऊ भात व मुगाचे वरण यांपासून आरंभ करून स्निग्ध पदार्थ हळूहळू वाढवावेत.

नळीद्वारे पोषण हा अपवाद होय. पित्तनलिकेस इजा, जंतुसंसर्ग वा स्वादुपिंडदाह यांमुळे पाच दिवसांहून अधिक काळ खाणे अशक्य दिसत असल्यास नाकातून जठरात नळी घालतात. दररोज प्रतिकिलो वजनास सुमारे २५ ते ३० किलोकॅलरी व १.५ ग्रॅम प्रथिने अपेक्षित असतात. अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. आतडे निकामी असल्यासच शिरेवाटे पोषण द्यावे लागते.

निष्कर्ष : ‘पोटाला विश्रांती’ म्हणून रुग्णास उपाशी ठेवणे हितकारक नाही. सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील पाणी घटल्यास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांतून प्राध्यापकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविणे उपयुक्त ठरेल.