पदक आणि शेवटची फेरी

पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. म्हणून आपल्या मुखेड परिसरात पहाटे रस्त्याने धावणारी मुले नकळत मध्यम पल्ल्याचेच धावपटू होत. भरतीत वेळ चांगली आली की गुण मिळतात. जागतिक स्पर्धेत मात्र केवळ चांगल्या वेळेने पदक मिळत नाही. असे का, हे आपल्या मराठवाड्याच्या अविनाश साबळेच्या उदाहरणावरून पाहू.

अविनाश बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा, गरीब शेतकरी कुटुंबातला. बारावीनंतर तो सैन्यात गेला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. सुमारे साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या!

जून २०२२ मध्ये रबात येथे त्याने ८ मिनिटे १२.४८ सेकंदांची वेळ दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत जागतिक अजिंक्यपदाची अंतिम शर्यत झाली. तेथे मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत पहिला आला. अविनाशच्या रबातमधील वेळेपेक्षा ही वेळ साडेबारा सेकंदांनी संथ! तरीही अविनाश अकरावा आला. कारण एरवीच्या मोठ्या शर्यतींत पुष्कळदा वेग राखून देणारा धावपटू पुढे नेमलेला असतो. अजिंक्यपदात तो नसतो. सारे एकमेकांवर नजर ठेवून सावकाश धावतात आणि शेवटच्या फेरीत सुसाट सुटतात.

यावर उपाय म्हणजे आरंभापासूनच वेग ठेवणे. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंना अखेरपर्यंत न सोडता त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. १९९८ पासून तेथे तिन्ही पदके केनियाचीच असत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर त्याने सुवर्णच जिंकले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाची वेळ ८ मिनिटे ६.४७ सेकंद होती. अविनाशची सर्वोत्तम वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद, अंतिम शर्यतीत तो पुन्हा अकरावा आला. रौप्यपदक मात्र अमेरिकेच्या केनेथ रूक्सने पटकावले. त्याच्याकडून फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण शेवटच्या फेरीत तो धाडसाने पुढे झेपावला.

म्हणजे साडेतीन सेकंदांचे अंतर कापायचे आणि शेवटच्या फेरीसाठी पायांत बळही राखायचे. हे अवघड आहे, अशक्य नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना मांडव्याचा हा मुलगा म्हणूनच जवळचा वाटतो. तालुक्याच्या गावी एक चांगले मैदान आणि जाणता मार्गदर्शक मिळाला, तर भरतीसाठी धावणाऱ्यांतूनच उद्याचा पदकविजेता का निघू नये?

— बी. ए. द्वितीय वर्ष