गाडी हाकणाऱ्याला कोण विचारतो?

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्याबरोबरच पेडणे तालुक्यात एक वाद येऊन बसला, तो अद्याप पुरता शमलेला नाही. विमानातून उतरलेला प्रवासी मोबाईलवर बोट ठेवून गाडी मागवितो. भाडे आधीच ठरलेले, घासाघीस नाही. २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या छत्राखाली सुरू झालेली ‘गोवा माईल्स’ ही सेवा त्याला सोयीची वाटावी यात नवल नाही. परंतु ज्या तालुक्याच्या जमिनी विमानतळाखाली गेल्या, त्याच तालुक्यातील टॅक्सीवाले या सेवेविरुद्ध रस्त्यावर उतरले. मे २०२५ मध्ये सरकारने ॲपवरील टॅक्सींसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढून हरकती मागविल्या, तेव्हाही ओरड झालीच. भाडे कोणी किती घ्यावे हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. प्रवास संपताच ‘किती तारे देता?’ असे प्रवाशाला अगत्याने विचारण्याची रीत या धंद्यात सर्वत्र रुळली आहे. गाडी हाकणाऱ्याला असे कोण विचारतो, हा आमचा प्रश्न आहे.

वस्तू वापरणाऱ्याचा अभ्यास हे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे, आणि त्याचा आरंभ फार चांगला होता. ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० नंतरच्या काळात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात नकला काढणाऱ्या यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसांचे निरीक्षण केले. यंत्र स्वतःच सर्व समजावून सांगते अशी कंपनीची समजूत होती. प्रत्यक्षात शिकलीसवरलेली माणसेही त्यापुढे गोंधळून जात. १९८७ च्या त्यांच्या ग्रंथाने पुष्कळांचे डोळे उघडले. पुढे २००३ मध्ये नोकियाने ११०० क्रमांकाचा फोन काढला. त्याला विजेरी होती आणि कळांत धूळ शिरत नसे. जगभर असे २५ कोटींहून अधिक फोन खपले. आपल्या बाजारातील बोलका डबा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. मासळी कापणाऱ्या बाईचे हात ओले असतात, ती फोन न्याहाळीत बसू शकत नाही. पैसे आल्याचे डबा ओरडून सांगतो. बाजारात उभे राहून पाहिल्यावाचून ही युक्ती कोणास सुचली असती, असे आम्हांस वाटत नाही.

पण उभे राहून पाहण्यास वेळ लागतो आणि पैसा लागतो. म्हणून विचारण्याऐवजी मोजणे सुरू झाले. कोठे बोट पडले, किती क्षण थांबले, काय न घेता माणूस परतला, हे सारे आपोआप टिपले जाऊ लागले. गूगलने निळ्या रंगाच्या ४१ छटा लोकांवर आजमावून पाहिल्याचे २००९ मध्ये गाजले. ते निरुपद्रवी म्हणू. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ जणांपुढील मजकुरातील आनंदाचे वा दुःखाचे प्रमाण आठवडाभर बदलून त्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते तपासले. त्या लोकांना याचा पत्ताही नव्हता! २०१४ मध्ये तो प्रबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जगाला कळले. आता तर याच्याही पुढची पायरी आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काल्पनिक गिऱ्हाईक घडवून घ्यायचे आणि त्यालाच प्रश्न विचारायचे! जिवंत माणसाची अडचणच उरली नाही.

डिचोलीच्या वाचकांना यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या वेळी एखाद्या कंपनीच्या कोष्टकात एवढेच उमटले असेल की या भागातील खरेदी घटली. दारात उभा असलेला ट्रक आणि त्यावरील बँकेचे कर्ज कोष्टकात दिसत नाही. ते कळण्यासाठी ओसरीवर बसावे लागते.

आणि नुसते बसूनही भागत नाही. आपला माणूस घरात कोकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, सरकारी अर्जापुढे इंग्रजीने बिचकतो. बाहेरगावच्या टापटीप तरुणाने हिंदीतून ‘कसे वाटले?’ म्हणून विचारले, तर ‘बरें आसा’ एवढे उत्तर देऊन तो चहा पुढे करील. ते सौजन्य असते. कंपनीच्या अहवालात मात्र त्याची नोंद समाधान म्हणून होते.

विचारायचे मनावर घेतले तर विचारता येते, हे गोव्याने पाहिले आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात निरक्षरालाही उत्तर देता यावे म्हणून फूल आणि दोन पाने अशी चिन्हे ठेवली होती. निकालाविषयी मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत; प्रश्न काय आहे हे मात्र सर्वांस कळले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले, मात्र मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे.

सरकारने तेवढी वाट पाहू नये. यापुढील प्रत्येक ॲप, महामंडळाचे असो वा त्याच्या आश्रयाखालील खाजगी कंपनीचे, आधी पेडणे आणि डिचोलीच्या ग्रामसभांपुढे आमच्या भाषांतून मांडावे. अभ्यासकांनी टॅक्सीत मागच्या आसनावर न बसता चालकाशेजारी बसून चार दिवस फिरावे. आणि त्यासाठी डिसेंबरचा मोसम न निवडता आषाढातील दिवस निवडावेत. किनाऱ्यावर चिटपाखरू नसते आणि गाडीचा हप्ता भरायचा असतो, तेव्हा तो चालक काय सांगतो ते टिपून आणावे.