चुकीचा आदेश आणि हद्दीबाहेरचा आदेश

सोलापूरच्या सात रस्ता चौकातून हव्या त्या दिशेला निघता येतं. न्यायालयाच्या आदेशावरून वर जाण्याच्या वाटा मात्र मोजक्या आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. रेल्वेने साडेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईची फेरी वाचली, ही पक्षकारांची मोठीच सोय. पण कोर्ट जवळ आलं म्हणून त्याचे अधिकार वाढले नाहीत, आणि ते वाढले नाहीत यातच सामान्य पक्षकाराचं हित आहे.

समजा, घराच्या वाटणीचा दावा सोलापुरात चालू आहे. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर प्रतिवादी लेखी कैफियतीत दुरुस्ती मागतो. हा मुद्दा आधी का मांडला नाही याचं पटणारं कारण तो देत नाही, म्हणून अर्ज फेटाळला जातो. या आदेशावर अपील नाही. पूर्वी अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 115 खाली पुनरीक्षण अर्ज होत आणि मूळ दावा खोळंबून राही. 1 जुलै 2002 पासून ती वाट अरुंद झाली. अर्ज मान्य झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, अशा आदेशापुरतंच आता पुनरीक्षण उरलं आहे. राहतो तो राज्यघटनेचा अनुच्छेद 227, म्हणजे उच्च न्यायालयाची देखरेख. हा अधिकार खालच्या न्यायालयांना त्यांच्या हद्दीत ठेवण्यासाठी आहे, निव्वळ चुका दुरुस्त करण्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वर्यामसिंग खटल्यात 1954 सालीच सांगितलं. तेव्हा कोल्हापुरात प्रश्न विचारला जातो तो न्यायाधीशाने हद्द ओलांडली का, हा. दुसरा निर्णय अधिक बरा ठरला असता का, हा तिथला प्रश्न नव्हे.

यावर आक्षेप येतो: मग चुकीचा आदेश तसाच राहू द्यायचा? नाही. अंतरिम आदेशातल्या चुकीचा निकालावर परिणाम झाला असेल, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात कलम 105 प्रमाणे ती मांडता येते. पण तोवर पक्षकाराची वर्षं जातात, हे दुखणं खरं आहे. म्हणून घोर अन्यायासाठी दार किलकिलं ठेवलेलं आहे. फौजदारी बाजूला मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1977 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अंतरिम आदेशावरच्या पुनरीक्षणाला असलेली मनाई उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचे हात पूर्ण बांधत नाही. खटलाच कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर असेल, तर तो थांबवता येतो.

हद्द वरच्यांनाही लागू आहे. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्यावरचे भ्रष्टाचाराचे खटले विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1984 साली दिला. तसा अधिकार कायद्यात नव्हता, आणि त्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पाही गेला होता. 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयालाही जी मर्यादा पाळावी लागते, तिला पळवाट म्हणणं अन्यायाचं होईल.

म्हणून कोल्हापूरची गाडी पकडण्याआधी वकिलाला एवढं विचारा: आदेश फक्त चुकीचा आहे, की हद्दीबाहेरचा? फक्त चुकीचा असेल, तर ती चूक अपिलासाठी टिपून ठेवा आणि दावा पुढे चालू द्या.