मोठे दिसणे आणि नेमके लागणे

रायफलच्या स्कोपबद्दल बोलणे निघाले की पहिला प्रश्न हमखास 'किती एक्स?' असा येतो. लक्ष्य जितके मोठे दिसेल तितका नेम अचूक लागेल, ही समजूत त्यामागे असते आणि वरवर पाहता ती पटण्यासारखीही वाटते. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्याच्या रायफलवर स्कोप नव्हताच. या प्रकारात लक्ष्य मोठे करून दाखवणारी भिंगे लावायला नियमाने बंदी आहे. मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे कडे, एवढ्यावरच नेम धरायचा. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथे झोपून करायच्या नेमबाजीची) विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत हिनेही असाच नेम धरला होता. या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोनात मोजले तर ते सुमारे ०.७ एमओए भरते. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक एमओए. स्कोप लावून १००० यार्डांवर खेळल्या जाणाऱ्या एफ-क्लास स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे, म्हणजे जवळपास एक एमओएचे असते. नुसत्या चकतीतून साधायचे लक्ष्य कोनाच्या हिशेबाने स्कोपवाल्या लक्ष्यापेक्षा लहान निघाले! इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर किंग्ज प्राइझ या रायफल स्पर्धेची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते, तीसुद्धा स्कोपशिवाय. एफ-क्लासची सुरुवात कॅनडाचे जॉर्ज फार्कहर्सन यांनी केली, ती वयामुळे नजर आणि शरीर साथ देईना अशा नेमबाजांना खेळत राहता यावे म्हणून. डोळ्यांची उणीव भरून काढणे एवढेच तिथे स्कोपकडून अपेक्षित होते.

मग दूरच्या नेमबाजीत चांगल्या स्कोपसाठी एवढे पैसे का मोजायचे? कारण स्कोप हे बघण्याचे साधन आहे त्याहून अधिक ते कोन मोजण्याचे साधन आहे. .३०८ विंचेस्टर हे काडतूस घ्या. १०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी पडतील अशी जुळवलेली रायफल तशीच १००० यार्डांवर रोखली, तर नेहमीची १७५ ग्रेनची गोळी नेमाच्या दहा मीटरहून अधिक खाली जाते. ही घट भरून काढायला स्कोपच्या वरच्या टरेटवर, म्हणजे नेम वरखाली सरकवणाऱ्या बटणावर, साधारण ४० एमओए चढवावे लागतात. हे ४० म्हणजे खरोखर ४० भरले पाहिजेत. टरेट दोन टक्के कमी सरकत असेल तर ०.८ एमओएची चूक होते, म्हणजे १००० यार्डांवर सुमारे २१ सेंटीमीटर. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या १२.७ सेंटीमीटर असल्याने गोळी वर्तुळाबाहेर जाते, आणि स्कोप २५ एक्सचा असो की ५० एक्सचा, ती बाहेरच जाते.

यावर कोणी म्हणेल की स्वस्त स्कोप लावूनही १०० यार्डांवर पाच गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसतात. बसतात हे खरे, पण तिथे टरेटला कोणी हात लावलेला नसतो. स्थिर झीरोवरचा छोटा ग्रूप बॅरल, दारूगोळा आणि नेमबाजाबद्दल पुष्कळ काही सांगतो. स्कोपची यंत्रणा खरी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी करायची परीक्षा सोपी आहे. स्कोप घट्ट बसवून १०० मीटरवर ओळंब्याने काढलेल्या उभ्या रेषेवर रोखायचा आणि टरेट १० मिल (मिल हे एमओएसारखेच कोनाचे माप) फिरवायचा. क्रॉसहेअर बरोबर एक मीटर सरकला पाहिजे, रेषा न सोडता सरकला पाहिजे, आणि उलटे फिरवल्यावर मूळ खुणेवर परत आला पाहिजे. यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बिस्लीसारख्या ठिकाणच्या एफ-क्लास स्पर्धांत सुरुवातीला दोन साइटर, म्हणजे चाचणीच्या गोळ्या, मिळतात, मग टरेटमधली चूक तिथेच दुरुस्त करता येते की! एकाच अंतरावर चूक कायम तेवढीच राहणार असेल तर येतेही. पण ८००, ९००, १००० असे अंतर बदलत गेले की चढवायचा कोन बदलतो आणि त्याबरोबर चूकही बदलते. प्रिसिजन रायफलच्या स्पर्धांत तर एकेका फेरीत वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये असतात, साइटर मिळत नाही आणि वेळ मोजका असतो. तिथे टरेटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

आता पुन्हा 'एक्स'कडे. वर्धनक्षमता वाढवली की दिसणाऱ्या क्षेत्राची रुंदी त्याच प्रमाणात आक्रसते. १० एक्सवर जेवढी रुंदी दिसते, तिचा चौथा हिस्सा ४० एक्सवर उरतो. एकसारख्या लक्ष्यांची लांब रांग समोर असताना शेजाऱ्याच्या लक्ष्यावर गोळी झाडण्याची चूक त्यामुळे सहज होते, आणि ती गोळी आपल्या खात्यात शून्य धरली जाते. उजेडाचेही तसेच. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनक्षमतेने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५६ मिलिमीटरचे भिंग २५ एक्सवर २.२ मिलिमीटरचा झोत देते, ४० एक्सवर १.४ मिलिमीटरचा. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते म्हणून हे चालून जाते. संध्याकाळी ती रुंदावते आणि चित्र अंधारते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर, ज्याला नेमबाज मिराज म्हणतात, तीही लक्ष्याइतकीच मोठी होऊन दिसते. एफ-क्लासचे खेळाडू ४० एक्सच्या वर जातात हे खरे आहे, पण त्यांची रायफल टेकूवर विसावलेली असते, अंतर माहीत असते, लक्ष्य जागचे हलत नाही. आणि मिराज उकळू लागला की त्यांच्यातलेही अनेक जण वर्धनक्षमता खाली आणतात. ३४ मिलिमीटरच्या जाड नळीतून जास्त उजेड येतो, हाही एक पक्का रुजलेला समज आहे. उजेड वस्तुभिंग आणि काचेवरचे लेप ठरवतात. जाड नळीमुळे आत क्रॉसहेअर वरखाली सरकायला जागा मिळते. एकूण ६० एमओए हालचाल असलेल्या स्कोपमध्ये मध्यापासून वर ३० च उरतात, आपल्याला हवेत ४०. म्हणून स्कोपखाली २० एमओए उताराची पट्टी बसवतात.

मिल की एमओए, हा वाद माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. दोन्ही कोनच आहेत. मिल मेट्रिकवाल्यांचे आणि एमओए इंचवाल्यांचे असे काही नाही. ०.१ मिलची एक क्लिक १०० मीटरवर एक सेंटीमीटर, पाव एमओएची सुमारे सात मिलिमीटर. रेटिकल (क्रॉसहेअर आणि त्यावरच्या खुणा) आणि टरेट एकाच मापाचे असावेत, एवढे पाहिले की पुरे. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असलेला स्कोप श्रेष्ठ आणि सेकंड फोकल प्लेनमध्ये असलेला जुनाट, हेही तसेच सैल विधान आहे. पहिल्यात रेटिकलच्या खुणा कोणत्याही वर्धनक्षमतेवर खऱ्या असतात, त्यामुळे बदलत्या अंतरांसाठी तो सोयीचा. दुसऱ्यात त्या एका ठरावीक वर्धनक्षमतेवरच खऱ्या असतात, पण रेष बारीक राहते आणि लक्ष्याचा मध्य झाकला जात नाही.

दोन चुका मात्र महागडा स्कोपही परस्पर दुरुस्त करत नाही. पहिली पॅरॅलॅक्सची. बाजूचे बटण फिरवून चित्र स्पष्ट दिसले की काम झाले, असे मानतात. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलात नसतील तर डोळा हलल्याबरोबर क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकतो. ५० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपचे पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर ठेवून १००० यार्डांवर नेम धरला, तर डोळा झोताच्या कडेला असताना चूक गणिताने २२ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. बटणावरच्या आकड्यापेक्षा डोळ्याची परीक्षा खरी: आधी स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरून नेत्रभिंग फिरवत रेटिकल स्पष्ट करायचे, मग लक्ष्यावर रोखून डोके किंचित वरखाली करायचे आणि क्रॉसहेअर सरकेनासा होईपर्यंत बटण फिरवायचे. दुसरी चूक रायफल कलंडण्याची. ४० एमओए चढवलेले असताना रायफल फक्त दोन अंश बाजूला कलली, तर त्यातला १.४ एमओए आडवा जातो. म्हणजे १००० यार्डांवर ३७ सेंटीमीटर. काहीशे रुपयांची स्पिरिट लेव्हल ही चूक टाळते, आणि तरीही हजारो रुपये जादा मोजून वर्धनक्षमता वाढवणारे कितीतरी लोक ती बसवत नाहीत, याचे वाईट वाटते. वारा तर स्कोपला मुळीच कळत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तीच .३०८ ची गोळी १००० यार्डांवर दोन मीटरहून जास्त ढकलतो. झेंडे आणि मिराजचा ओघ वाचणे हे डोळ्यांचे आणि सरावाचे काम आहे.

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा येते ती स्प्रिंगची एअर रायफल, आणि तिला धक्का नसतो म्हणून कोणताही स्कोप चालेल, असे धरून चालतात. प्रत्यक्षात तिचा पिस्टन आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देतो. काडतुसाच्या रायफलचा जोर मागच्या दिशेने असतो, आणि तेवढाच सोसेल अशा बेताने बांधलेल्या स्कोपचे रेटिकल या दुहेरी झटक्याने ढिले पडते. शिवाय ज्या स्कोपचे पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांवर पक्के केलेले असते, तो १० मीटरवर चित्र धूसर दाखवतो. म्हणून एअर रायफलसाठी स्कोप घेताना तो स्प्रिंग रायफलसाठी बांधलेला आहे का आणि त्याचे पॅरॅलॅक्स १० मीटरपर्यंत खाली येते का, हे दोन प्रश्न 'किती एक्स'च्या आधी विचारावेत.