निळें फळ आणि त्यामागचे निरोप



उत्तर अमेरिकेच्या आम्लधर्मी, पाणथळ जमिनींत उगवणाऱ्या एका झुडपाचें फळ आतां मुंबई-पुण्याच्या फळबाजारांतहि दिसूं लागलें आहे. त्याचें नांव ब्लूबेरी. आकारानें साधारण करवंदाएवढें, रंगानें जांभळट निळें, आणि सालीवर पीठ भुरभुरावें तसा पांढुरका लेप. हें फळ झुडपावर कसें घडतें आणि कोणाच्या हुकुमानें घडतें, याविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. झुडूप परदेशी असलें, तरी आपला हापूस मोहरतो आणि नाशिकचीं द्राक्षें फुगतात, त्यांतहि याच शक्तींचा हात असतो. म्हणून विषय परका मानण्याचें कारण नाहीं.

शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं उंच जातीची ही ब्लूबेरी रानटीच होती. बागेंत आणून लावली कीं ती खंगत जाई. अमेरिकन कृषिखात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनीं १९१० सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवून दिलें कीं, तिला आम्ल मातीच हवी. इतर पिकांना मानवणारी सुपीक जमीन तिला मारक ठरते. पुढें न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या बागाईतदार बाई त्यांना येऊन मिळाल्या. रानांतून टपोऱ्या फळांचीं झुडपें शोधून देणाऱ्यांस त्यांनीं बक्षीस लावलें. मापासाठीं पांच-अष्टमांश इंचाचें भोंक पाडलेली पट्टी दिली. त्या भोंकांतून फळ निसटलें, तर तें झुडूप नापास! १९१६ सालीं लागवडीच्या ब्लूबेरीचें पहिलें पीक बाजारांत गेलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रत्येक पेशींत वाडवडिलांकडून आलेली एक वही असते. तिच्या एकेका कृतीला आपण जनुक म्हणूं. परंतु वहींत पुरणपोळी लिहिलेली आहे, म्हणून ती रोज होत नाहीं. आज सण आहे हें कोणीं तरी सांगावें लागतें. हा निरोप पोंचविणारीं द्रव्यें म्हणजे संप्रेरकें, इंग्रजींत ज्यांस हॉर्मोन म्हणतात तीं. अत्यल्प प्रमाणांत तीं एका भागांतून दुसऱ्या भागांत जातात आणि तेथील जनुकांना जागें करितात किंवा निजवितात.

ब्लूबेरीचीं फुलें वसंतांत उमलतात खरीं, पण त्यांची तयारी मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस झालेली असते. दिवस लहान होऊं लागले कीं पानांत एक प्रथिन तयार होतें आणि तें फांदीच्या टोंकाशीं जाऊन ‘आतां पानें पुरेत, फुलाची कळी धर’ असा निरोप देतें. असा कांहीं निरोप असला पाहिजे, असें अनुमान रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनीं १९३० नंतरच्या दशकांत केलें व त्यास ‘फ्लोरिजेन’ हें नांव दिलें. तो निरोप म्हणजे ‘एफ्‌ टी’ या जनुकापासून होणारें प्रथिनच, हें २००७ सालीं इतर वनस्पतींवरून उघड झालें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिशिगनच्या संशोधकांनीं ब्लूबेरीचें हेंच जनुक अधिक जोमानें कामास लावलें, तेव्हां कांचपात्रांतल्या कोंवळ्या फुटव्यांनाहि फुलें आलीं!

याच्या उलट वागणारें संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. १९२६ सालीं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें भाताच्या रोपांना भलतेंच उंच करणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला, त्यांतून त्याचा शोध लागला. ब्लूबेरीवर तें उन्हाळ्यांत फवारलें, तर फुलांच्या कळ्या कमी धरतात. आणि जिबरेलिनची निर्मिति रोखणारें पॅक्लोब्युट्राझोल दिलें, तर त्या वाढतात. कोंकणांतले बागाईतदार हापूस नेमानें मोहरावा म्हणून जें औषध मुळांशीं घालतात, तें हेंच.

कळी धरली, पण ती लगेच उमलली तर हिमांत जळून जाईल. म्हणून झुडूप तिला झोंप आणतें. १९२० सालीं कोव्हिल यांनीं दाखवून दिलें कीं, हिंवाळाभर उबदार कांचघरांत ठेवलेलीं रोपें वसंतांतहि जागीं होत नाहींत. थंडी सोसलेलींच फुटतात. उत्तरेकडील जातींना सुमारें ८०० ते १,००० तास ७ अंश सेंटिग्रेडखालची थंडी लागते. हिंवाळा सौम्य झाला, तर कळ्या मागेंपुढें व अर्धवट फुटतात; मध्येंच ऊब आली, तर फुलें लवकर उमलून मागाहूनच्या हिमांत सांपडतात. जगाचें हवामान तापत असतां ही गोष्ट बागाईतदाराच्या पोटापाण्याची झाली आहे. फ्लॉरिडाच्या विद्यापीठांत राल्फ शार्प यांनीं तेथील सदाहरित रानटी जातीशीं संकर करून थोड्या थंडींत फुलणारे वाण काढले, ते या अडचणीवरचें एक उत्तर होय.

ब्लूबेरीचें फूल उलट्या टांगलेल्या इवल्याशा घड्यासारखें असतें. भुंग्याच्या जातीच्या माशा त्याला लोंबकळून पंखांचे स्नायु थरथरवितात, तेव्हां पराग खालीं झडतात. फलन होऊन बीं धरलें, कीं तें बींच ऑक्झिन व जिबरेलिन पुरवून भोंवतीचा गर वाढवितें. म्हणून बिया अधिक, तर फळ टपोरें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील ‘रॅबिटआय’ जातीवर माशा कमी आल्या, तर जिबरेलिन फवारून बिनबियांचीं फळें धरवितात; मात्र तीं लहान राहतात. आपल्याकडे द्राक्षांचे मणी फुगविण्यास हेंच संप्रेरक वापरतात.

शेवटीं पिकणें. फळ आधीं भरभर वाढतें, मग बिया घडत असतां थबकतें, आणि पुन्हां फुगूं लागतें. या टप्प्यावर ॲब्सिसिक आम्ल नांवाचें संप्रेरक वाढतें व इथिलीनहि हातभार लावतें. साल मऊ पडते, साखर उतरते, आणि ‘एम्‌ वाय्‌ बी’ कुळांतील एक जनुक जागें होऊन निळ्या रंगाचा कारखाना सुरू करितें. हा रंग सालींतच असतो. आंतला गर फिकटच राहतो. एका घोंसांतलीं फळें निरनिराळ्या दिवशीं पिकत असल्यामुळें मजुरांना त्याच झुडपापाशीं पुन्हां पुन्हां यावें लागतें. हा खर्च वांचावा म्हणून एकदम पिकणारे वाण हवे आहेत. या झुडपांत गुणसूत्रांच्या दोन नव्हे, चार प्रती, म्हणजे एकूण ४८ गुणसूत्रें असल्यामुळें तें काम फार कठीण होतें. २०१९ सालीं ‘ड्रेपर’ या वाणाची संपूर्ण जनुकवही प्रसिद्ध झाल्यानें शोधास चांगला आधार मिळाला आहे.

तात्पर्य, ही फळें विकत घेतां देंठाजवळचा भाग नीट पाहावा. तेथें लालसर झांक असली, तर निरोप पुरा पोंचण्यापूर्वींच फळ तोडलें गेलें असें समजावें. घरीं ठेवून तें मऊ होईल, थोडें रंगेलहि. परंतु झुडपाकडून येणारी साखर कांहीं त्यांत उतरणार नाहीं.