लॅटिनो किशोर: आकड्यांमागची घरे

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये नववी ते बारावीच्या मुलांची पाहणी केली. वर्षभरात सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोजच उदास वा हताश वाटल्याचे ४२ टक्के मुलांनी सांगितले; लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या, मुलांत हे प्रमाण ४६ टक्के होते.

फरक चारच टक्क्यांचा, पण त्यामागची घरे पाहायला हवीत. कोविडच्या साथीत अनेकांनी घरून काम केले, पण शेतमजुरी, मांसप्रक्रिया कारखाने, बांधकाम, साफसफाई ही यांतल्या अनेक पालकांची कामे घरबसल्या होणारी नव्हतीच. एप्रिल २०२० ते जून २०२१ या काळात साथीमुळे अमेरिकेतील १,४०,००० हून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे आजी-आजोबा गमावले. त्यांत जवळपास एक तृतीयांश मुले लॅटिनो होती. धाकट्यांचे ऑनलाइन वर्ग सांभाळणे, आईवडिलांसाठी डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणे हेही अनेक घरांत किशोरांकडेच आले. त्यातच साथीसाठी मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या सरकारी मदतीतून वास्तव्याची कागदपत्रे नसलेले पालक वगळले गेले. हा अन्यायच होता, आणि त्याची झळ अमेरिकी नागरिक असलेल्या त्यांच्या मुलांनाही बसली.

अशा मनःस्थितीत आधार मागता येईल अशी ९८८ ही अमेरिकेतील मानसिक संकटातील मदतवाहिनी जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यावर स्पॅनिशमधून संदेश पाठवण्याची सोय मात्र जुलै २०२३ मध्ये आली.